खाली ठेवलेला कप

यॉरिस या परदेशी दिग्दर्शकाच्या माहितीपटात कॉफीचा एक प्रसंग होता आणि त्याच्यावर त्याचा भारी जीव. हेब्रोनच्या दक्षिणेकडच्या डोंगरात कुणी कुणाकडे मागणं घेऊन गेलं, तर समोर आलेला कप तो तसाच खाली ठेवतो. घरधनी ‘घ्या, तुमचं काम झालं’ म्हणेपर्यंत तोंडाला लावत नाही. यॉरिसने हे दोन म्हाताऱ्यांकडून चार वेळा करवून घेतलं होतं आणि वर स्वतःच्या आवाजात या लोकांच्या थोर परंपरेवर बोलला होता. कॅमेरा समीहचा होता, दुभाषाही तोच. पाचव्यांदा करायला सांगितल्यावर त्यातल्या एका म्हाताऱ्याने समीहला विचारलं होतं, या गोऱ्याचं नेमकं मागणं तरी काय आहे?

आज बेथलेहेममधल्या यॉरिसच्या भाड्याच्या घरात समीहची खाला, त्याच्या आईची बहीण फिद्दा, कोचाच्या अगदी कडेला बसली होती. सत्तरीची बाई. गावाहून इथवर यायला दोन लष्करी नाके आणि चार तास लागले होते. यॉरिसने स्वतः कॉफी करून आणली. तिने कप घेतला आणि समोरच्या टेबलावर ठेवून दिला.

मार्चमध्ये तिची पाण्याची टाकी बिनपरवाना ठरवून पाडायला लष्कर आलं, तेव्हा ती टाकीला पाठ लावून उभी राहिली होती. एका सैनिकाने दंड धरून ओढलं, डोक्यावरचा रुमाल निसटला आणि ती पांढऱ्या मोकळ्या केसांनी मातीत बसली. गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांनी तोंडं फिरवली. समीहने कॅमेरा फिरवला नाही. मानवी हक्कवाल्या संस्थेने बारा वर्षं त्याला हेच शिकवलं होतं, की काही झालं तरी चित्रण थांबवायचं नाही, तो पुरावा आहे. भाच्याने मावशीचे केस पाहिले तर हरकत नव्हती. कॅमेऱ्याने पाहिले म्हणजे साऱ्या जगाने पाहिले. अठ्ठेचाळीस सेकंद. वकिलाने ते कोर्टात बंद खोलीत दाखवलं, तरी टाकी गेली ती गेलीच.

मग ते यॉरिसने पाहिलं आणि त्याला त्याच्या सिनेमाचं पोस्टर सापडलं. नमुना म्हणून त्याने ते समीहच्या फोनवर पाठवलं, ते आधी समीहच्या बायकोने पाहिलं आणि दुपारपर्यंत फिद्दाला कळलं. संमतीच्या कागदावर तिचा अंगठा समीहनेच घेतला होता. मेंढ्यांचं चित्रण आहे खाला, बाकी काही नाही, असं तो म्हणाला होता. तेव्हा त्यालाही तसंच वाटत होतं.

यॉरिसकडे होती ती अंधुक प्रत. मोठ्या पडद्याला चालेल असं मूळ चित्रण समीहच्या ड्राइव्हमध्ये होतं आणि ते आज द्यायचं ठरलं होतं. काडेपेटीएवढा तो ड्राइव्ह कपाशेजारीच पडला होता.

फिद्दाने घोळ घातला नाही. थेट यॉरिसकडे पाहून म्हणाली, “पोरा, टाकी दाखव. तो सैनिक दाखव. मी भीत नाही, माझा चेहरा दाखव. पण माझे केस दाखवू नकोस. तुझ्या आईचे तू लोकांना दाखवले असतेस का?”

समीहने शब्द न शब्द सांगितला. यॉरिसचे डोळे पाणावले. तो हळुवारपणे बोलू लागला, दाढ उपटण्याआधी दंतवैद्य बोलतात तसा. त्याला सगळं समजत होतं म्हणे. पण तोच तर सिनेमाचा प्राण होता. ते धूसर केलं तर कुणाला रडू येणार नाही. मित्रांना दाखवलं तेव्हा सगळे रडले होते. शिवाय कागद झालेला होता. त्या ओल्या डोळ्यांचीच समीहला शिसारी आली. नकार द्यायचा तर कोरड्या डोळ्यांनी तरी द्यावा माणसाने.

“काय म्हणतो?” खालाने विचारलं.

“विचार करतोय.”

तेवढ्यात यॉरिसची नजर कपावर गेली. कॉफी कधीच निवली होती. त्याचा चेहरा उजळला आणि क्षणभर समीहला वाटलं, कळलं, याला अखेर कळलं.

“ती पीत नाहीये,” यॉरिस कुजबुजला. “म्हणजे हे खरंखुरं चाललंय. समीह, कॅमेरा काढ. खिडकीतला उजेड जाईल. आधी कप घे, मग हात, मग चेहरा.”

समीहला या माणसाची किळस होतीच, ती काही नवी नव्हती. पण सांगितल्याबरोबर त्याचा स्वतःचा हात सवयीने बॅगेकडे गेला होता, आणि उजेड खरंच चांगला आहे हेही त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याने हात मागे घेतला. तो हात कुठेतरी पुसावा असं त्याला वाटलं.

तो मावशीकडे वळला. “घे कॉफी, खाला. तो म्हणतो, तुझं काम झालं.”

फिद्दाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग कप उचलून गार कॉफी तळच्या गाळासकट पिऊन टाकली, उठली, आणि यॉरिसच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्या आईसाठी दुवा मागितली. यॉरिस गहिवरला. काय म्हणाली ती, त्याने विचारलं.

“तू शब्द दिलास म्हणून दुवा देते आहे.”

“कसला शब्द?”

“आत्ताच दिलास. भाषांतर मी केलं.” समीहने ड्राइव्ह उचलून खिशात टाकला.

मग यॉरिसचा हळुवारपणा संपला. करार निघाला, वकील निघाला, पडद्यावर येणार होतं ते समीहचं नाव निघालं, यापुढे कुठला परदेशी माणूस तुला काम देतो बघतो, हेही निघालं. समीहने सगळं ऐकून घेतलं. एकाचंही भाषांतर केलं नाही.

जिन्यात फिद्दाने त्याचा दंड धरला. गुडघे तिला उतरताना त्रास देत.

“तो तसं म्हणालाच नव्हता ना?”

समीह म्हणाला, “नाही. पण कळलं होतं तर प्यायलीस कशाला?”

“त्याच्या शब्दावर नाही प्यायले,” फिद्दा म्हणाली. “तू म्हणालास म्हणून प्यायले.”