आंबेदऱ्याचे डबे

मृण्मयीच्या वडिलांनी पहिला डबा उघडला आणि मागची टेकडी नाहीशी झाली. ती डब्यात होती, करवंदाच्या जाळ्यांसकट, मुठीएवढी. बाबांनी ती उचलून खिशात टाकली.

टेकडीपलीकडचं पर्यटन केंद्र आता हाकेच्या अंतरावर आलं होतं. त्याच्या अंगणात केंद्राच्या मालकीणबाई कमलताई पापड वाळत घालत होत्या.

"ताई, टेकडी गेली," मृण्मयी म्हणाली.

"डब्यात असेल की. घेतलीत ना, मग तुमचं काहीतरी ठेवा. डबा रिकामा सोडायचा नाही."

आंबेदऱ्यात पाहुण्यांसाठी हा खेळ होता. मोबाइलवरच्या बाणामागे जायचं, लपवलेला डबा शोधायचा, त्यातलं घ्यायचं, आपलं ठेवायचं. आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडले नव्हते. उन्हात जरा चालतील, म्हणून मृण्मयीने त्यांना इथे आणलं होतं.

बाबांनी खिसे चाचपले. मग गुडघा चोळून चोळून त्यातलं दुखणं बाहेर काढलं, डब्यात ठेवलं आणि तरातरा चालू लागले.

"बाबा, सावकाश."

"अगं मनू, दुखतच नाहीये."

पुढच्या डब्यात ओढा होता, पाणी वाहतंच होतं. बाबांनी तो दुसऱ्या खिशात घातला आणि त्याच्या जागी आई गेल्याचं दुःख ठेवलं. त्यांचा चेहरा उजळला. मृण्मयीला बरं वाटलं.

"आईला फोन कर," बाबा म्हणाले. "उशीर होईल म्हणावं."

तिने त्यांच्या खिशातून टेकडी काढून जमिनीवर ठेवली. टेकडी मुठीएवढीच राहिली. बाबांनी ती परत उचलली.

"बाबा, बस झालं. घरी जाऊ."

"एवढा एक बघू."

त्या एकात घरी जायचा रस्ता होता, वेटोळं करून ठेवलेला. बाबांनी तो खांद्यावर अडकवला. आता ते काय ठेवणार हे मृण्मयीला कळलं. तिने त्यांचा हात धरला. "आईला नाही, बाबा. आईची आठवण नाही ठेवायची." पण त्यांचा दुसरा हात डब्यात जाऊन आला होता.

त्यानंतर त्यांनी आईचं नाव काढलं नाही, की तिला मनू म्हटलं नाही.

आणखी एका डब्यात केंद्राचं अंगण निघालं. कमलताई आतही पापड उलटत होत्या. "रिकामा सोडू नका," त्यांचा बारीक आवाज आला.

आपलं वजन त्यात ठेवून बाबा हलके झाले होते. वाऱ्याने त्यांचे पाय मधूनच उचलले जात. मृण्मयी त्यांच्या शर्टाची बाही धरून चालत राहिली. चालायला फारसं उरलं नव्हतं. एक करंजाचं झाड होतं, त्याखाली ट्रंकेएवढा डबा होता, आणि बाण तिथेच थांबला.

"झाकण धरता का जरा?" बाबांनी विचारलं.

तिने धरलं. झाड आत गेलं, सावली आत गेली, भोवतालचं गवत आत गेलं. बाबांनी खिसे चाचपले; टेकडी होती, ओढा होता. आपलं म्हणून ठेवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. मग ते स्वतःच डब्यात उतरले आणि गुडघे पोटाशी घेऊन बसले.

"बाबा, मी मृण्मयी. बाहेर या."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसं, सौजन्याने.

"बाई, तेवढं झाकण लावाल?"

तिने मानेनेच नाही म्हटलं. झाकण खाली ठेवून त्यांना हात द्यावा म्हणून ती वाकली. ठेवायला जमीन नव्हती.