घुंघटाआडची गाठ

राजकुंवरबाईंनी घुंघट दोन बोटांनी फाकवला आणि त्या फटीतून उजवा डोळा तेवढा बाहेर धरला. त्यांच्या मारवाडी घरातल्या बायका वडीलधाऱ्यांसमोर अशाच बघत. अमळनेरच्या नाना डॉक्टरांनाही त्यांनी डोळा असाच दाखवला होता. नाना हे त्यांच्या जेठांचे, म्हणजे थोरले दीर रिखबचंदांचे, जुने दोस्त. म्हणजे तेही जेठाच्याच जागी. वरच्या पापणीतली गाठ रांजणवाडी समजून नानांनी दोनदा कापली आणि आतलं खरवडून बोळ्यासकट बादलीत टाकलं. गाठ तिसऱ्यांदा आली तेव्हा ती पिवळट, टणक होती आणि तिथले पापणीचे केस झडले होते. तेव्हा कुठे त्यांना धुळ्याला आणलं.

धुळ्याच्या डॉ. अभिमन पाटलांनी गाठीचा कण पुण्याला तपासायला पाठवला होता. आज उत्तर आलं होतं.

"ही रांजणवाडी नव्हे," ते म्हणाले. "पापणीत तेल पाझरणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, त्यांचा कॅन्सर आहे. क्वचितच दिसतो, आणि साध्या गाठीचं सोंग घेऊन येतो. भलेभले फसतात."

राजकुंवरबाईंचे यजमान पुखराज खुर्चीच्या कडेवर बसले होते. रिखबचंद खाकरले. "मग कापा. या खेपेला पुरं कापा."

"किती कापायचं, तेच तर ठरवायचंय, शेठजी. रोग पापणीपुरता असेल तर भोवतालच्या निरोगी भागासकट पापणी काढू आणि खालच्या पापणीचा तुकडा वर घेऊन नवी करू. काही आठवडे डोळा बंद राहील. पण हा रोग कधी कधी कानापुढे उतरून तिथे गाठ धरतो. तसं असेल तर मुंबईलाच जावं लागेल. इथे पापणी कापून 'झालं' म्हणत घरी गेलात, तर आतलं वाढतच राहील." डॉक्टरांनी हात धुतले. "मला चेहरा बघू द्या. कान, गाल, मान."

"डोळ्याचं दुखणं डोळ्यात बघा की! उद्या दात दुखला तर जोडे काढायला लावाल," रिखबचंद म्हणाले.

पुखराज हसले, मग हसू आवरून थोरल्या भावाला म्हणाले, "भाईसा, तुम्ही थोडं बाहेर..."

"मी जाईन बाहेर. डॉक्टर पुरुष नाहीत का? तिला विचार नुसतं. गाठ असेल तर सांगेल."

पुखराज वळले. "आहे का गं कानापुढे काही?"

घुंघटाआड राजकुंवरबाईंना ती जागा ठाऊक होती. गाठ होती. कानातल्या साखळीच्या आड, हरभऱ्याएवढी. दाढेमुळे आली असेल, म्हणून त्यांनी ती कुणाला दाखवली नव्हती. आता 'नाही' म्हणून नुसती मान हलवली, की पापणीचं ऑपरेशन होईल आणि अमळनेरला परतता येईल. मुंबई नको, की परक्यांचे हात नकोत. जेठांसमोर त्या आजवर बोलल्या नव्हत्या. मान हलवणं तर रोजचंच होतं.

दाराशी उभी असलेली आया सुंदरबाई हळूच, अर्ध्या अहिराणीत म्हणाली, "घाबरू नका, अक्का. डॉक्टरसना हात हलका शे."

राजकुंवरबाईंनी दोन बोटं सोडली आणि घुंघट डोक्यामागे टाकला.

रिखबचंदांनी झटकन भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरांनी कानातली साखळी बाजूला सारली. त्यांची बोटं कानापुढे थांबली, पुन्हा फिरली, दाबून पाहू लागली. बाहेर एस.टी.चा भोंगा वाजला.

"आहे," ते म्हणाले. "कडक आहे, पण हलते. हाडाला चिकटलेली नाही. अजून काढता येईल. मुंबईला चिठ्ठी देतो, या आठवड्यातच निघा."

पुखराजांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. भिंतीकडे तोंड करून उभ्या रिखबचंदांचा आवाज आता निराळा होता.

"पुखराज, तिला विचार... फार दुखतं का?"

पुखराज वळायच्या आतच राजकुंवरबाई बोलल्या.

"नाही दुखत, जेठजी. म्हणूनच तर इतके दिवस कुणाला सांगितलं नाही."