तिसऱ्या तासाचा आवाज

हॉलमध्ये मुंगी शिरायला फट उरली नव्हती. एरवी इथे टायपिंगच्या परीक्षा होत. आज खुर्च्या जिन्यापर्यंत गेल्या होत्या आणि खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं चढून बसली होती. मंचावर एक कॉम्प्युटर, त्याच्यामागे भिंतभर पडदा, आणि पडद्यावर हातभर अक्षरांत एकच वाक्य: 'डिस्कवर पुरेशी जागा नाही.'

"मोठ्यानं वाचा," यंत्रबाबा म्हणाले. करडा झगा, अनवाणी पाय, आणि आवाज असा की जणू कुणी अंगावर मऊ दुलई ओढतंय.

दोनशे गळ्यांनी वाचलं.

"हा कॉम्प्युटरचा खेळ वीस वर्षांपूर्वीचा. या आजोबांचा मुलगा लहानपणी खेळायचा. मुलगा गेला दूर देशी, खेळ झाला मुका. काय आजोबा, दुकानात नाही नेलात?"

"तीन दुकानं झाली, बाबा. कुणाकडेच लागेना."

"यंत्र म्हणतं जागा नाही. आता मी त्यात आणखी भर घालतो. तीन तासांचा अखंड मंत्र. मग जागा वाढेल की कमी होईल?"

"कमी!"

"हे झालं तुमचं शास्त्र. आता मंत्राचं बघा."

पेनड्राईव्ह खोचला गेला. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. तोवर बाबांनी आजोबांची डिस्क हातात घेतली, तिच्यावर फुंकर मारली, झग्यावर गोल गोल पुसली आणि कॉम्प्युटरच्या पोटात सारली. पट्टी भरली. आणि मघाशी नाही म्हणालेलं यंत्र आता गपगुमान हो म्हणालं. खेळ लागला. पडद्यावर एक इवलंसं जहाज आलं, किनकिनं संगीत वाजलं, आणि आजोबा दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागले.

हॉल उठून उभा राहिला.

"लोखंडाला श्रद्धा नसते!" बाबांचा आवाज टाळ्यांवर चढला. "यंत्र कुणाचं मन राखत नाही, कुणाला भीत नाही. ते खोटं बोलेल का? नाही! मग जो मंत्र निर्जीव पत्र्याला पावतो, तो जिवंत रक्ताला पावणार नाही? टाका त्या गोळ्या, टाका त्या सुया! टोपली येतेय."

मागच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या बाईने डोळे किलकिले केले. सगळी गल्ली तिला सीडीताई म्हणायची. तिचं दुकान म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि जगाने टाकून दिलेले खेळ. कुठला खेळ कुठल्या कॉम्प्युटरवर का रुसतो आणि कशाने हसतो, हे तिला आईला तान्ह्याचं रडणं कळावं तसं कळे. आजोबांची डिस्क कुठे अडली होती, तेही तिला पहिल्या ओळीतच कळलं होतं. पण तिची नजर पडद्यावर नव्हती. त्या झग्यावर होती. गोल गोल पुसणाऱ्या त्या हातावर होती.

टोपली तिसऱ्या रांगेत पोचली. तिची धाकटी बहीण उठली आणि तिने एक निळी पिशवी टोपलीत ठेवली.

ताईने ती पिशवी ओळखली. त्या पिशवीत धाकटीच्या मुलीचं, चिऊचं इन्सुलिन होतं. साखर मोजायचं यंत्रही त्यातच होतं.

खुर्च्या ओलांडत ती तिसऱ्या रांगेत पोचली. नऊ वर्षांची चिऊ आईच्या मांडीवर आडवी होती. ओठ सुकलेले, श्वास भरभर. पायाशी पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या.

"कधीपासून टोचलं नाहीस?" ताईने खालच्या आवाजात विचारलं.

"काल रात्रीपासून." धाकटी वर बघत नव्हती.

"सकाळी मोजलंस का?"

"मोजायचं नाही म्हणालेत. मोजलं की शंका येते."

"अगं, ती उलटी करतेय का?"

"एकदा झाली. विष बाहेर पडतंय."

"विष नाही ते! ती पिशवी परत घे. आत्ता."

"ताई, हळू बोल." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कोरडा होता. "दिवसाला चार सुया. दोन वर्षं. टोचायच्या आधी पापा, टोचल्यावर पापा. परवा मी पापा घ्यायला वाकले, तर पोरगी दचकून मागे सरली. मी जवळ आले की तिला सुई दिसते गं. तुला नाही टोचावं लागत. मला लागतं."

ताईने टोपलीकडे पाहिलं. पिशवी हिसकावून आणता आली असती. आज हात धरून टोचलंही असतं. पण उद्या? परवा? मावशी कितीदा दार तोडून येणार?

शेजारच्या बाईने समजूत घातली. "काळजी नका करू हो. आमच्या घरी मंत्र रात्रभर चालू असतो. पहिली अकरा मिनिटं नाम, मग नुसता नाद. घुं घुं, टक. घुं घुं, टक. आणि माझे यजमान सांगतात, तिसऱ्या तासाला माउलीचा आवाज येतो. 'आतून बाहेर पूस, गोल नको.' मनाचा मळ हो. केवढा अर्थ आहे बघा!"

ताईने मंचाकडे वळून पाहिलं.

घुं घुं, टक. तिच्या दुकानातला पंखा तिसऱ्या फेऱ्याला टक करायचा. आणि ते वाक्य? डिस्क मधून कडेकडे सरळ पुसायची असते, गोल पुसली की चरे पडतात. हे ती तीन वर्षं एकाच माणसाला ओरडून सांगत होती. तिच्या काउंटरमागे बसणारा, बोलण्यात साखर आणि कामात आळस असलेला तो मदतनीस. त्याने आता दाढी वाढवली होती आणि झगा घातला होता. पण हात तोच होता. गोल गोल.

आणि तिला तिची स्वतःची चूक आठवली. जुने खेळ 'जागा नाही' म्हणून अडले की दुकानात एक मोठी फाईल कॉम्प्युटरवर टाकायचे. ती 'भर' म्हणून ठेवलेली. एके दिवशी माइक चालू राहिला होता आणि तीन तासांची घुंघुं भरली गेली होती, तीच फाईल. 'ही टाक, लागेल खेळ,' एवढंच तिने त्याला शिकवलं. का लागेल, हे सांगायचं राहून गेलं. घाई होती, गिऱ्हाईक उभं होतं.

तिने चिऊच्या कपाळावरून हात फिरवला. कपाळ गार नव्हतं, गरमही नव्हतं, नुसतं थकलेलं होतं. मग ती मंचाकडे चालू लागली.

"बाबा!" तिने हात जोडले. "माझी भाची फार आजारी आहे. तिला दुप्पट मंत्र हवा."

बाबांनी तिला ओळखलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "माउली, एकदा दिलेला मंत्र पुरतो."

"पण दोनदा दिला तर दुप्पट पावेल की! आधी यंत्राला द्या. यंत्र खोटं बोलत नाही, तुम्हीच म्हणालात."

"द्या, द्या!" मागून कुणीतरी ओरडलं. "दुप्पट मंत्र!" सगळा हॉल तेच घोकू लागला. बाबांना एकदाच्या यशाची सवय होती. दोनदा टाकून पाहायची गरज त्यांना कधी पडलीच नव्हती. ते हसले आणि मान डोलावली.

हिरवी पट्टी पुन्हा सरकू लागली. ताईला ती मुंगीपेक्षा हळू वाटली. तिसऱ्या रांगेत चिऊने आणखी एकदा पाणी मागितलं. तो बारीक आवाज ताईला मंचावर ऐकू आला. पट्टी अर्धी झाली. पाऊण झाली. भरली.

एका बाईने पुढे केलेली दुसरी डिस्क बाबांनी पुसली, सारली.

'डिस्कवर पुरेशी जागा नाही.'

बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं.

"कुणीतरी अश्रद्ध माणूस मंचावर आहे," बाबा म्हणाले. दुलई आता जरा टोचरी झाली होती. "त्याची छाया पडतेय."

"असं कसं, बाबा? लोखंडाला श्रद्धा नसते. मग अश्रद्धा कुठून कळली त्याला?"

कुणीतरी फिसकन हसलं. दोन स्वयंसेवक पुढे सरकले. तेवढ्यात जहाजवाले आजोबा उठले आणि काठी आडवी धरून म्हणाले, "थांबा रे. बाई काय करते ते बघू द्या. माझ्या मुलाचा खेळ आहे त्या यंत्रात. मला कळायला हवं."

ताईने खुर्ची ओढली. दोन्ही मंत्र पुसून टाकले आणि दुसरी डिस्क लावून दाखवली. जागा नाही. मग कनवटीच्या किल्ल्यांमध्ये अडकवलेला आपला पेनड्राईव्ह काढला. "ही माझ्या दुकानातली भर. हिच्यात मंत्र नाही, नाम नाही. पंखा आहे, आणि आमच्या बोक्याचं घोरणं."

पट्टी सरकली. भरली. आणि दुसरा खेळ विनातक्रार लागला.

"बोका पावला!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं, आणि हसण्याची एक लाट उसळून अर्ध्यात थबकली, कारण पुष्कळांच्या घरी कपाटं रिकामी होती आणि गोळ्या मघाशीच टोपलीत गेल्या होत्या.

"ही माझी फाईल चोरून आणलीय हिनं!" बाबा किंचाळले.

"मी? बरं. तुमचा मंत्रच वाजवू." तिने बाबांचा पेनड्राईव्ह उघडला, नामाची अकरा मिनिटं मागे टाकली, थेट तिसऱ्या तासावर बोट ठेवलं आणि हॉलचा आवाज मोठा केला.

घुं घुं, टक. घुं घुं, टक.

मग भिंती दणाणल्या: "अरे, शर्टाला नको रे! कितीदा सांगू? आतून बाहेर पूस, गोल नको!"

आणि त्यामागोमाग एक पुरुषी, आळसावलेला आवाज, दुलईसारखा मऊ: "बरं ताई. पुसतो ताई."

सगळ्यांत आधी बोलली ती चिऊ. आईच्या मांडीवरून जेमतेम डोकं उचलून, सुकलेल्या ओठांनी: "आई, ही तर आपली मावशी. आणि तो बाबा."

धाकटी अशी उठली की खुर्ची मागे कोसळली. टोपलीपाशी जाऊन तिने निळी पिशवी उचलली. मोजायच्या यंत्राला पट्टी लावली. बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब आला, आणि यंत्राने आकडा दाखवलाच नाही. मोजण्यापलीकडे साखर चढली होती.

"ताई!"

"डॉक्टरांना फोन लावलाय. सांगतील तेवढं टोच. दवाखान्याची गाडी निघालीय."

डॉक्टर फोनवर सांगत गेले, धाकटी ऐकत गेली. सुई पुढे केली तशी पोरगी दचकली. धाकटी थांबली. चिऊने स्वतःच फ्रॉक वर केला. "टोच. पण आधी पापा."

जिन्यावर वाट करून देताना आजोबांनी ताईची बाही धरली. "बाई, जाता जाता एवढं सांगा. जागा कमी केली तर जागा कशी झाली?"

ताईने भिंतीवरच्या गोल घड्याळाकडे बोट केलं. "हा खेळ लिहिला तेव्हा कॉम्प्युटरच्या पोटात एवढ्या मोठ्या डिस्क नव्हत्याच. म्हणून त्याला मोजायला एवढंसं घड्याळ दिलंय. मोकळी जागा जितकी जास्त, तितका काटा फिरतो. काटा उजव्या अर्ध्यात थांबला तर खेळ म्हणतो, आहे जागा. डाव्या अर्ध्यात गेला की त्याला वाटतं, शून्याच्याही खाली गेलो. भर टाकली की काटा अर्धा फेरा मागे, उजवीकडे. पुन्हा टाकली की परत डावीकडे. मंत्र टाका, बोका टाका, काट्याला सगळं सारखंच."

"एवढंच?"

"एवढंच. हे मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं."

मागे बाबांची टोपली कुणीतरी मंचावर उलटी केली होती. माणसं वाकून आपापल्या बाटल्या, पाकिटं, चिठ्ठ्या शोधत होती. आणि झगा मागच्या दाराच्या कडीला अडकून फाटला होता, आतला माणूस मात्र स्वयंसेवकांनीच धरून ठेवला होता.

चिऊला तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी तिने सलाईनच्या नळीकडे बघत विचारलं, "मावशी, सुईनं मला बरं का वाटतं?"

तिकडे दुकानाबाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत असणार, हे ताईला माहीत होतं. तिने फोन बंद केला आणि पलंगावर पाय वर घेऊन बसली. धाकटीही खुर्ची ओढून जवळ आली.

"सांगते. पोटात एक अवयव असतो..."

वाचणाऱ्या बाई, वाचणाऱ्या दादा, तुमच्यासमोर उद्या कुणी काही चमत्कार करून दाखवला, तर टाळी वाजवायला हात उचलण्याआधी 'का' एवढं विचारा. उत्तर देताना समोरचा चिडला, तर पुन्हा विचारा. आणि तुमच्या लेकराने तुम्हाला विचारलं, तर गिऱ्हाईक उभं असलं तरी सांगा.