खाऱ्या पाण्याचं तळं

"मामांनू, ह्या जाळा कित्याक व्हया थंय?" तुळसाने सासऱ्याला विचारलं.

परशुराम तारी अंगावर दोन घोंगड्या आणि पाठीवर शिडाच्या जुन्या कापडाची पिशवी घेऊन घरामागच्या जांभ्याच्या पायऱ्या चढत-उतरत होता. भर वैशाख, वालावलच्या खाडीवर वाऱ्याची झुळूक नाही. येणारे-जाणारे हसत होते. हसोत बापडे! जन्मभर लोकांना होडीतून खाडीपार नेणाऱ्या या माणसाला लडाखातल्या एका उंच तळ्यापर्यंत चालत जायचं होतं. आणि त्याने आयुष्यात घाट चढला तो एकच, आंबोलीचा, तोही एस.टी.त बसून.

पिशवीत उकडे तांदूळ, सोलं, सुकी सुंगटं असा सगळा शिधा तुळसानेच भरला होता. जाळं मात्र म्हाताऱ्याने स्वतः कोंबलं होतं.

"तळा खारा आसा गो," तो धापा टाकत म्हणाला. "पलटणीतल्या गंगारामान चाखून बघल्यान. खारा पाणी म्हटल्यार मासो आसतलोच. मासो आसा म्हटल्यार रापणकार आसतले, तेंची खोपटी आसतली. कोणीतरी भिकाजीक घरात घेतल्यान आसतला. खाऱ्या पाण्याच्या काठार कोण उपाशी मरूक नाय अजून."

भिकाजी तुळसाचा नवरा. चीनच्या लढाईत त्या तळ्याकाठी होता आणि तिथूनच बेपत्ता झाला. पलटणीची तार तेवढंच सांगत होती. मेला असं नाही, आहे असंही नाही. तेव्हापासून तुळसाचं सगळं अर्ध्यावर लोंबकळत होतं. हळदीकुंकवाला बोलवायचं तरी बायका अडखळत, नाही बोलवायचं तरी अडखळत. आता सासऱ्याच्या त्या जाळ्याने तिच्याही जिवाला आशेचा गळ लागला होता. पहाटे उठताना तिला खरंच एखादं खोपटं दिसायचं.

निघायच्या आदल्या दिवशी आंबोलीहून गंगाराम आला. भिकाजीच्याच पलटणीतला. हिमाने पायाची बोटं खाल्लेली, त्यामुळे लंगडत चालायचा. त्याने आपला पलटणीतला कोट आणला होता.

"काकानू, लेहच्या फुडे मिलिटरी सोडूची नाय तुमका."

"बापाशीक कोण अडयतलो?"

"आणि थंय श्वास लागता. पावला मोजीत चलाक व्हया."

"चलान मोजीत. घाय कोणाक आसा?" असं म्हणून म्हातारा कोट पिशवीत घालू लागला. गंगारामची नजर जाळ्यावर गेली. तो चहा अर्धा टाकून उठला.

तुळसा त्याच्यामागे धक्क्यापर्यंत गेली. "भावोजी, खरा सांगा. त्या तळ्यात मासे आसत?"

गंगाराम पाण्याकडे बघत राहिला. "नाय ओ वयनी. आमी होतो थंय मासो नाय, झाड नाय, माणूस नाय. वारो तेवढो."

"मगे तेंका सांगलास कित्याक नाय?"

"तेंनी विचारल्यानी, पाणी खारा काय गोडा? खारा म्हटलंय तर तोंड असा फुलला तेंचा, की फुडचा माझ्या तोंडातसून इलाच नाय."

तुळसा घरी आली, भाताला आधण ठेवलं, आणि चूल विझली तरी तिथेच बसून राहिली. जाळं पिशवीत राहू दिलं तर भिकाजी जिवंत राहणार होता, निदान म्हातारा परत येईपर्यंत. पण म्हातारा परत आला असता का? तिला सासरा चांगला ठाऊक होता. मासा लागेपर्यंत जाळं फेकत तो त्या थंडीत बसून राहिला असता. एकाला राखायचं तर दुसरा जात होता.

सकाळी परशुरामाने पिशवीत हात घातला. "जाळा खंय गो?"

"काढून ठेवलंय. थंय मासो नाय, मामांनू. माणूसय नाय. गंगारामभावोजींनी सांगल्यानी माका."

म्हातारा ओट्यावर बसला. तुळसाला रडू आलं, ते तिने दाबलं नाही. मग तो उठला, पिशवी पाठीला लावली आणि म्हणाला, "हलकी झाली."

लांबच्या प्रवासाला निघताना देवळात गाऱ्हाणं घालायची गावची रीत. वाडीतली माणसं जमली होती. गाऱ्हाणं घालणारे भाई हात जोडून खड्या आवाजात सुरू झाले, "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुजा लेकरू परशुराम लांबच्या मुलखात आपल्या झिलाक, भिकाजीक, परत घराक हाडूक चल्ला आसा, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे एका सुरात ओरडले.

"भाई, थांबा," परशुराम म्हणाला. "हाडूक नाय. झिलाक पाणी देवक जातंय, असा म्हणा."

भाईंनी मागे वळून तुळसाकडे पाहिलं. पाणी द्यायचं ते मेलेल्याला; जिता की मेला हे आजवर कोणी तिच्यासमोर उच्चारलं नव्हतं. त्यांनी आवाज उतरवला. "बा देवा म्हाराजा, परशुराम आपल्या झिलाक पाणी देवक चल्ला आसा, रे म्हाराजा."

होकार मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही, आणि हा होकार कोणाच्या तोंडून निघावा? पुरुष जमिनीकडे बघत उभे राहिले.

"होय म्हाराजा," खांबाआडून तुळसा म्हणाली.

मग एकेक करून बाकीच्यांनीही म्हटलं.