प्रणोतीच्या रोबोटचा हात

मी एक जुना पितळी झारा आहे. नागपूरच्या इतवारीत एका तांबटाने मला ठोकून घडवलं, माझ्या पसरट तोंडाला भोकं पाडली आणि सत्यवतीबाईंच्या रुखवतातून मी जबलपूरला आलो. मदन महलच्या त्यांच्या घरात चाळीस वर्षं मी कढईतून पुऱ्या काढल्या. शेजारणी म्हणत, "चाचीजी की पूड़ी में तेल ही नहीं रहता!" मित्रांनो, खरं श्रेय त्यांच्या हाताचं. तेल निथळण्याचं काम तेवढं माझं.

गेल्या वर्षी सत्यवतीबाई गेल्या. त्यांच्या मुलीने, हेमलताने, मला घासून खिळ्याला अडकवलं आणि स्वतःसाठी स्टीलचा झारा आणला. माझ्या अंगावर हिरवट डाग चढले.

मग हेमलताच्या मुलीच्या, नववीतल्या प्रणोतीच्या, रोबोट स्पर्धेचे दिवस आले. वाळूत पुरलेले टेबल टेनिसचे चेंडू रोबोटने उचलून टोपलीत टाकायचे होते. महागडं सामान सगळ्यांना परवडत नाही, म्हणून रोबोटचा हात घरातल्याच वस्तूचा हवा, असा नियम होता. प्रणोतीने प्लास्टिकची वाटी लावून पाहिली. वाटीत वाळूच भरे आणि मोटर अडे.

"आई, आजीचा झारा दे ना. वाळू गळून जाईल."

"दांडा कापावा लागेल?"

"हो. लांब आहे, मोटरला जड होतो."

हेमलताने दोन दिवस मला खिळ्यावरच राहू दिलं. तिसऱ्या दिवशी तिने मला खाली काढलं, चिंचेने लख्ख केलं आणि प्रणोती करवत चालवत असताना शेजारी बसून राहिली. कापून पडलेला दांडा तिने ओढणीने पुसून बाजूला ठेवला.

प्रणोतीला मात्र माझी लाज वाटली. तिने मला काळा रंग फासला, कापलेल्या टोकावर जाड टेप गुंडाळली आणि सामानाच्या यादीत नुसतं 'धातूचा चमचा' लिहिलं.

स्पर्धेच्या दिवशी विजय नगरच्या सभागृहात तपासणीला क्षमा मॅडम होत्या. त्यांनी टेप सोडवली आणि टोकावरून कापसाचा बोळा फिरवला. कापूस अडकून फाटला.

"इससे किसी का हाथ कटेगा. और ये रंग के नीचे क्या है?"

प्रणोतीने नखाने थोडा रंग खरवडला. दुसऱ्या संघातला सुमेध वाकून म्हणाला, "अरे, ये तो पूड़ीवाला झारा है! यहाँ भंडारा है क्या?" सगळे हसले.

"आधा घंटा देती हूँ," मॅडम म्हणाल्या. "धार घिसो, रंग खुरचो, लिस्ट ठीक करो. नहीं तो बाहर."

हेमलता प्रेक्षकांतून उठून आली. आईची वस्तू तिने याच दिवसासाठी कापू दिली होती.

"काहून लपवलं तू?"

"सगळे हसतात ना, आई."

"हसू दे. पण तपासणाऱ्याला काही दिसलंच नाही, तर चूक सांगणार कोण?"

प्रणोतीजवळ कानस नव्हती. सुमेधने आपल्या पेटीतून काढून दिली. "ये ले. पर मैम, इसका वज़न भी करवाइए. पीतल है."

वजन मर्यादेत भरलं. हेमलताने कानशीला हात घालताच मॅडमनी अडवलं. "आप नहीं, आंटी. बच्ची करेगी." हेमलता हात मागे बांधून उभी राहिली. प्रणोतीने घासघासून माझं टोक गोल केलं. या वेळी बोळा अलगद फिरला. यादीत तिने लिहिलं, 'पितळी झारा, आजीचा.'

"किसका है, ये नहीं पूछा," मॅडम म्हणाल्या. पण 'आजीचा' हा शब्द त्यांनी खोडला नाही.

मी आठ चेंडू उचलले. सुमेधच्या रोबोटने नऊ.

"आंटी, छूकर देखूँ?" त्याने विचारलं.

"देख ना, बेटा. अब चुभेगा नहीं." हेमलताने मला रोबोटवरून सोडवून त्याच्यापुढे धरलं. मग बाकीची मुलंही जमली आणि मी हातोहात फिरलो.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी मंडळी तुमच्याही घरी असतील. त्यांना नवं काम द्या, त्यांचं खरं नाव उघड लिहा, आणि त्यांच्यामुळे कोणाचं बोट कापणार नाही, एवढं आधी बघा.