वाटेतली प्रेक्षणीय स्थळं

सासरे आयुष्यभर लिफ्ट तपासणीस होते. अर्धं शहर आपल्या सहीने वरखाली होतं, असं ते म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मात्र ते स्वतः जागचे हलेनात. आधी परगावची लग्नं सुटली, मग गावातली, मग नाटकं. विचारलं की गुडघा पुढे करत.

गुडघा ठणठणीत होता. खरं कारण सुनेला ठाऊक होतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. समोरच्याला काय दिसत नाही हे ओळखण्यावरच तिचं पोट होतं. सासऱ्यांच्या खोलीतून बाथरूमकडे जाणारी वाट स्वयंपाकघराच्या दारावरून जायची आणि ती वाट दिवसभर तुडवली जात असे. कुठे बाहेर जायचं ठरलं की सासरे आदल्या संध्याकाळपासून पाण्याला शिवत नसत. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणत, "डॉक्टरकडे गेलं की माणूस आजारी पडतो."

अशात समुद्रकाठच्या गावाहून आत्याचा, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

"आत्ता येतोयस, का मी गेल्यावर येणार आहेस?"

सासऱ्यांनी गुडघा सांगितला.

"तो पण घेऊन ये," आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

नवऱ्याला आनंद झाला. "सकाळी निघू, एका दमात पोचू. मधे कुठे थांबायचंच नाही." गाडी न थांबवता हाकणं हा मोठा गुण आहे, अशी त्याची समजूत होती. सासऱ्यांचा चेहरा दोन मजल्यांच्या मधे अडकला.

नवऱ्याला खरं काय ते सांगून टाकावं, असं सुनेच्या मनात आलं. पण मनाने सोन्यासारख्या त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नसे. बापाची अडचण त्याने टोलनाक्यावरच्या माणसालासुद्धा कळकळीने सांगितली असती.

"मला वाटेत काही काही बघायचंय," ती जेवताना म्हणाली.

"वाटेत काय आहे?"

"खूप आहे."

वाटेत काहीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसताना तिने नकाशा उघडला आणि बघण्यासारखं शोधायला बसली. एक धरण सापडलं, मग एक फर्निचरचं दुकान, एक रोपवाटिका, जुन्या ट्रॅक्टरांचं संग्रहालय. प्रत्येक ठिकाणी फोन करून ती आधी वेळ विचारी, मग गाडी लावायची सोय, आणि मग सहज आठवल्यासारखं, "स्वच्छतागृह आहे ना? फार लांब नाही ना?"

"ताई, तुम्हाला नक्की रोपं बघायचीत ना?" रोपवाटिकावाल्याने विचारलं.

"दोन्ही," ती म्हणाली.

धरणापाशी नवऱ्याने कठड्यावरून खाली पाहिलं. "पाणीच नाहीये यात."

"म्हणूनच बघायचं. एरवी एवढी भिंत दिसते का?"

"मी जरा त्या अंगाने बघून येतो," सासरे म्हणाले आणि गुडघा विसरून तरातरा गेले. परत आले ते सावकाश. "त्या अंगाने चांगलं दिसतं," त्यांनी सांगितलं.

फर्निचरच्या दुकानात विक्रेता नवराबायकोला सोफ्यांच्या रांगेतून फिरवत होता तेवढ्यात सासरे मागच्या बाजूला जाऊन आले. फुकटची सोय घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उपकार फेडायचे म्हणून त्यांनी एक आरामखुर्ची उलटी केली आणि तिचे स्क्रू तपासले. "ही विकू नका, माणूस पडेल," ते म्हणाले. विक्रेत्याने आभार मानले. त्याला दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

रोपवाटिकेला कुलूप होतं. फाटकावर 'आज बंद' अशी पाटी होती. पुढचं ट्रॅक्टरांचं संग्रहालय चांगलंच लांब होतं.

"नाहीतरी रोपं कशाला हवीत?" नवरा म्हणाला. "आता सरळ गाव!"

"माझं काय, मी बरा आहे," सासरे म्हणाले. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरली होती, आणि रस्त्यावर खड्डे होते.

थोड्या अंतरावर एक घर दिसलं. अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती.

"थांबव," सून म्हणाली. "मला जायचंय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे काय? थांबव!"

ती उतरून बाईपाशी गेली, अडचण सांगितली, आत जाऊन आली. मग फाटकातूनच हाक मारली, "बाबा, यांचा बाथरूममधला नळ कसला तरी आवाज करतोय. तुम्ही जरा बघता का?"

सासरे गाडीतून उतरले. चौतीस वर्षं ते ज्या चालीने इमारतींत शिरले, त्याच चालीने ते त्या घरात शिरले. फक्त वेग जास्त होता.

"आमचा नळ?" बाई म्हणाली. "नळ तर परवाच—"

सुनेने तिच्याकडे पाहिलं. बाईने एकदा घराकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, आणि चिमटा लावत म्हणाली, "हो, करतो खरा आवाज. आमचे मामंजी असते तर त्यांनाच दाखवला असता."

बऱ्याच वेळाने सासरे बाहेर आले. "नळ उत्तम आहे," त्यांनी निर्वाळा दिला. "काळजी करू नका."

आत्याकडे पोचायला दुपार कलली. ती दारातच उभी होती. "इतका उशीर?"

"काय करणार?" सासरे चपला काढत म्हणाले. "सूनबाईची तब्येत नाजूक. बिचारीला दर थोड्या वेळाने उतरावं लागतं."

सुनेला राग आला नाही असं नाही. चांगला कानशिलांपर्यंत आला. पण समोर तो म्हातारा माणूस चपला पुन्हापुन्हा नीट लावत उभा होता, मान वर न करता. "हो आत्या," ती म्हणाली, "मध्ये मध्ये होतं तसं."

मग काय विचारता! आत्याने तिला दोन दिवस बार्लीचं पाणी पाजलं. शेजारणी येऊन उपाय सांगून गेल्या. सासरे मात्र रोज सकाळी पाण्यात घोटाभर उभे राहत आणि बहिणीशी लहानपणीच्या भांडणांवरून नव्याने भांडत. दोघांचं हसणं वाळूवरून वरपर्यंत ऐकू येई.

परतताना सासरे पुढच्या सीटवर बसले. "इथे थांबव," ते मुलाला सांगत. "तिला बोलायला संकोच वाटतो." मग तिला घेऊन उतरत. एका पेट्रोल पंपावर ते आधी आत डोकावून आले आणि म्हणाले, "हा नको, घाण आहे. तुला चालणार नाही." पुढचा खरोखरच स्वच्छ होता.

नवरा वाटभर आरशातून बायकोकडे बघत होता. घरी आल्यावर बॅगासुद्धा न सोडता तो फोन घेऊन बसला.

"उद्या संध्याकाळची वेळ मिळाली," तो बायकोला म्हणाला. "मोठे डॉक्टर आहेत. रक्त, सोनोग्राफी, सगळं करून घेऊ. इतके दिवस सोसलंस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

सासरे दाराशी पाण्याचा तांब्या हातात धरून उभे होते. मग त्यांनी तांब्या टेबलावर ठेवला.

"ती वेळ माझ्या नावाने घे," ते म्हणाले.

"तुमच्या? तुम्हाला काय झालंय?"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी अगदी सरळ पाहिलं.

"तिला झालंय तेच," ते म्हणाले, आणि तिला झालेलं काहीच नव्हतं.