पांढऱ्या फितीचे टेबल

ऑब्री हॅदरमीडच्या कोटावरची निळी फीत एका कडेने उसवत चालली होती. दर उन्हाळ्यात एकदा लावायची आणि पुन्हा डबीत ठेवायची, एवढाच तिचा वापर. तरी खालचे धागे सुटून पिसासारखे झाले होते. हेस्टर पिमने टाचणी काढली, फीत जराशी वर सरकवली आणि पुन्हा टोचली. हात कामात असले की बोलणे सोपे जाईल, असा तिचा हिशेब होता.

"लाळेच्या तपासणीचे निकाल आले," ती म्हणाली.

"आणि हे तू आत्ता सांगतेस? तासाभरात लोक येतील."

"म्हणूनच."

हॅदरमीड हे आडनाव इतके विरळ की ते लावणारे सगळे मिळून गावच्या एका सभागृहात मावत. वर्षातून एकदा ते तसे जमतही. डेव्हनच्या शाखेला निळी फीत, यॉर्कशरच्या शाखेला तांबडी, कॅनडाला गेलेल्यांना पिवळी. ज्यांचा धागा अजून कुठल्याच शाखेशी जुळला नव्हता, त्यांना पांढरी. त्यांचे टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी, चहाच्या पिंपाजवळ. ऑब्री या हॅदरमीड मंडळाचा अध्यक्ष आणि निळ्यांत सर्वांत थोरला. हेस्टर हॅदरमीड नव्हतीच. शाळेत जीवशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली होती, टेकडीवरच्या घरात दगडफुलांचा अभ्यास करत राहत होती. कोण कुणाच्या रक्ताचे हे शोधायला सगळ्यांच्या लाळेचे नमुने जुळवण्याचे काम तिने शेजारधर्म म्हणून अंगावर घेतले होते.

"बापाकडून मुलाकडे येणारी खूण तपासली. तांबडे आणि पिवळे त्या बाजूने एकाच रक्ताचे आहेत," ती म्हणाली. "निळ्यांचंही आपसात जुळतं. पण त्या दोघांशी नाही. तुमचा मूळपुरुष जेबेझ, तो जन्माने हॅदरमीड नव्हता."

"कसं शक्य आहे? त्याने प्रूडन्स हॅदरमीडशी लग्न केलं. चुलतबहिणीशी."

"चुलतबहीण कुणी ठरवली? नवराबायकोचं आडनाव एक दिसलं की तुम्ही लोक चुलत म्हणून मोकळे होता. प्रूडन्सला भाऊ नव्हता. शेत तिच्या बापाचं. मला वाटतं, जेबेझ तिथे आला, रमला आणि त्याने तिचं नाव लावलं. जुळत नाही एवढंच सिद्ध झालंय, बाकीचा माझा अंदाज."

"म्हणजे घरजावई."

"म्हणजे घरजावई."

ऑब्री समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. तिथला वंशवृक्ष त्याने स्वतः रंगवला होता, खोडाचा रंग अर्थातच निळा.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव."

 तो दारात जाऊन पाहुण्यांचे हात हातात घेऊ लागला. हेस्टरने पिंपात पाणी भरले आणि झाकण उगीचच दोनदा पुसले.

सगळे बसल्यावर ऑब्री बोलायला उभा राहिला. जेबेझची हकिगत त्याने जशीच्या तशी सांगितली, अंदाज कुठे सुरू होतो तेसुद्धा. मग कोटावरची निळी फीत काढली. निळ्या टेबलांवर कपबशीचाही आवाज होईना.

"अध्यक्षमहाराज!" पांढऱ्या टेबलावरून हल गावच्या डोरीनने हाक मारली. तिने जन्मभर बस चालवली होती. तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचाच. "इकडे या. इथे वारा लागतो, पण चहा आधी मिळतो."

हशा उठला. ऑब्री खरोखरच चालत गेला आणि तिच्याशेजारी बसला. डोरीनने स्वतःची पांढरी फीत दातांनी फाडून अर्धी त्याला लावली. थोड्या वेळाने एक निळी म्हातारी आपली बशी घेऊन तिथे आली, मग तिचा मुलगा, मग आणखी कोणी. शेवटी टेबल पुरेना म्हणून दुसरे जोडावे लागले.

"हे बघा, आता आमच्यात घुसखोरी," डोरीन म्हणाली. "बाई, अजून स्कोन आहेत का? का सगळे खानदानी लोकांनी संपवले?"

हेस्टरने उरलेले स्कोनचे गोड पाव आणि जॅम आणून ठेवले. ऑब्रीच्या मिशीला जॅम लागला होता आणि तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता.

लोक पांगल्यावर दोघे खुर्च्या रचू लागले. दरवर्षी याच वेळी, शेवटची खुर्ची ठेवताना, ऑब्री तिला एक प्रश्न विचारायचा आणि ती 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायची. आज शेवटची खुर्ची ठेवून झाली. त्याने दिवे मालवायला हात नेला.

"यंदा विचारलं नाहीस," हेस्टर म्हणाली.

"काय तोंडाने विचारू? दरवर्षी मोठ्या ऐटीत तुला 'हॅदरमीड हो' म्हणायचो. ते नाव माझ्या खापरपणजीच्या माहेरचं निघालं."

"तिथेच तर अडत होतं. तुझं नाव, तुझं घर, तुझ्या आईचे ते पडदे. माझं पिम आणि माझी दगडफुलं कुठे ठेवायची, ते तू कधी सांगितलंच नाहीस."

ऑब्रीचा हात बटणावर तसाच राहिला. तिने पुढे होऊन त्याच्या कोटावरची अर्धी फीत सरळ केली.

"जेबेझने केलं तसं कर," ती म्हणाली. "टेकडीवर राहायला ये. मी तुझ्याशी लग्न करते."